परदेशी नर्सिंग: शेत विकण्याआधी वाचा

जवळा बाजारच्या मोंढ्यावर हळद, सोयाबीन, कापूस घेऊन येणाऱ्या घरांत अलीकडे एक नवा प्रश्न निघतो. पोरगी बारावी सायन्सला आहे, नर्सिंगला घालायचं ठरलंय. मग इथं घालायचं की थेट जर्मनीला, कॅनडाला पाठवायचं? मोबाइलवर रोज रील येतात. "शिकता शिकता कमवा" म्हणणारे क्लास आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोचलेत. औंढ्याच्या किंवा हट्ट्याच्या बाजूच्या एखाद्या गावात कुणाची तरी भाची परदेशी गेलेली असते, तिचा फोटो सगळे पाहतात. ती तिथं नेमकं काय शिकते आणि संपल्यावर काय होणार, हे मात्र कुणी नीट सांगत नाही.

हा लेख त्या मुलींसाठी, तितकाच मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आहे. परदेशी जाण्याच्या मी विरोधात नाही. नर्सिंगचं काम जगात सगळीकडे लागतं आणि मराठवाड्यातल्या हुशार, कष्टाळू लेकरांना त्याचा वाटा मिळालाच पाहिजे. पण अर्धवट माहितीवर दहा-वीस लाखांचा निर्णय होताना दिसतो तेव्हा जीव तुटतो.

सगळ्यात आधी एक प्रश्न पाठ करून ठेवा. समोर एजंट असो, कॉलेज असो की नातेवाईक, त्याला विचारा: "हा कोर्स संपल्यावर त्या देशात माझी रजिस्टर्ड नर्स म्हणून नोंदणी होईल का, कोणत्या संस्थेकडे आणि कोणत्या परीक्षेनंतर?" खऱ्या कोर्सचं उत्तर एका वाक्यात येतं आणि त्यात संस्थेचं नाव असतं. ब्रिटनमध्ये नर्सिंग अँड मिडवायफरी काउन्सिल, ऑस्ट्रेलियात आप्रा, कॅनडात त्या-त्या प्रांताचं नर्सिंग कॉलेज, म्हणजे तिथली नियामक संस्था. जर्मनीत त्या राज्याचं मान्यता कार्यालय. उत्तरात "हेल्थकेअर फील्ड", "मेडिकल लाइन", "तिथं गेल्यावर होतं सगळं" असे शब्द आले, तर तिथंच थांबा.

याची दोन उदाहरणं देतो, कारण फसगत नेमकी इथंच होते. कॅनडातल्या काही कॉलेजांत परदेशी नर्सना वृद्धसेवा, पॅलिएटिव्ह केअर किंवा आरोग्य व्यवस्थापन अशा विषयांचे एक-दोन वर्षांचे पदव्युत्तर सर्टिफिकेट कोर्स असतात. कोर्स खरे, कॉलेज खरं, फीही खरीच. पण त्यातले बरेच कोर्स केल्याने नर्स म्हणून नोंदणी मिळत नाही. त्यासाठी कागदांची वेगळी तपासणी आणि एनक्लेक्स ही वेगळी परीक्षा असते. बीएस्सी नर्सिंग झालेली मुलगी लाखो रुपये भरून दोन वर्षं शिकते आणि शेवटी वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून राहते, असं झालेलं आहे. दुसरं उदाहरण जपानचं. तिथल्या 'स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर' योजनेत नर्सिंग केअर हे क्षेत्र आहे आणि भारतीयांना त्यात जाता येतं. ते काम सन्मानाचं आहे, पण ते केअरगिव्हरचं, परिचारिकेचं नव्हे. केअरगिव्हर म्हणून जायचं असेल तर खुशाल जा. फक्त घरातून निघताना आपण काय म्हणून चाललोय, ते माहीत असू द्या.

आता मुख्य निवड. रस्ते दोन आहेत: इथं नर्सिंग पूर्ण करून मग बाहेर जाणं, किंवा बारावीनंतर थेट बाहेर शिकायला जाणं.

दुसऱ्या रस्त्याचा हिशोब आधी मांडू. ऑस्ट्रेलियात नर्सिंगची पदवी तीन वर्षांची. परदेशी विद्यार्थ्याची फी वर्षाला साधारण पस्तीस ते चाळीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलर. शिवाय व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्या-खाण्याचे म्हणून २९,७१० डॉलर दाखवावे लागतात, ही २०२४ सालची अट. तीन वर्षांचं सगळं मिळून गणित कोटीच्या घरात जातं. ब्रिटनची पदवीही तीन वर्षांची आणि खर्चाचा आकडा त्याच्याच आसपास. अमेरिकेत चार वर्षं, त्यामुळे त्याहून जास्त. पाच-सात एकरांच्या घराला हे झेपणारं नाही आणि मला ते शहाणपणाचंही वाटत नाही. कारण तीच मुलगी इथं बीएस्सी नर्सिंग करून, थोडा अनुभव घेऊन, इंग्रजीची परीक्षा देऊन ब्रिटनच्या नोंदणीसाठी उभी राहू शकते, आणि तेही याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा कमी खर्चात. इंग्रजी बोलणाऱ्या देशांसाठी माझं मत स्पष्ट आहे: आधी इथं शिका.

थेट बारावीनंतर जाण्यासारखा एकच रस्ता सामान्य घराला परवडतो, तो जर्मनीचा. त्याच्याबद्दल सविस्तर पुढे लिहितो.

इथं शिकायचं तर कुठं आणि काय, हे आधी. एएनएम हा दोन वर्षांचा कोर्स गावपातळीच्या आरोग्यसेवेसाठी आहे. तेवढ्यावर परदेशात साधारणपणे रजिस्टर्ड नर्स होता येत नाही. जीएनएम तीन वर्षांचा, त्यावर अनेक देशांची दारं उघडतात. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. त्याने सगळ्यात जास्त दारं उघडतात, पुढे एमएस्सीसाठीही तेच लागतं. जीएनएम झालेल्यांना दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं. परदेशाचा विचार पक्का असेल आणि चार वर्षं थांबता येत असेल, तर बीएस्सीच घ्या. महाराष्ट्रात त्यासाठी राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा होते आणि कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असतात. कॉलेजला इंडियन नर्सिंग काउन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलची मान्यता आहे का, हे त्यांच्या संकेतस्थळांवरच्या यादीत स्वतः पाहा. कॉलेजच्या भिंतीवर लावलेल्या प्रमाणपत्रावर जाऊ नका.

इथं एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. आपल्याकडची कितीतरी मुलं शेजारच्या राज्यांतल्या कॉलेजांत 'नॉन-अटेंडिंग' प्रवेश घेतात. फी भरायची, घरी राहायचं, परीक्षेला जायचं. पदवी मिळते, इथल्या छोट्या खासगी दवाखान्यात नोकरीही मिळून जाते. पण परदेशातल्या काउन्सिलला नुसती पदवी पुरत नाही. तिला ट्रान्स्क्रिप्ट लागतं: कोणत्या वर्षी कोणत्या विषयाचे किती तास वर्गात झाले, किती तास वॉर्डात, बालरुग्ण विभागात किती, मानसोपचारात किती, प्रसूतीत किती. कॉलेजने ते तास कागदावर लिहून दिले तरी पुढे ब्रिटनच्या ऑस्कीसारख्या प्रात्यक्षिक परीक्षेत पुतळ्यासमोर उभं राहून नाडी, श्वास, रक्तदाब मोजायचा असतो, निर्जंतुक पद्धतीने ड्रेसिंग करून दाखवायचं असतं. तिथं हात बोलतात. ज्याने वॉर्ड पाहिलेलाच नाही, त्याचा हात अडखळणार. आणि परीक्षेचं सोडा, समोर उद्या खरा पेशंट असणार आहे.

आता जर्मनी. तिथं नर्स होण्याचा नेहमीचा मार्ग विद्यापीठातून जात नाही, तो आउसबिल्डुंग नावाच्या तीन वर्षांच्या प्रशिक्षणातून जातो. १ जानेवारी २०२० पासून तिथं नवा कायदा लागू झाला. त्यानुसार लहान मुलांची, मोठ्यांची आणि वृद्धांची नर्सिंग एकाच अभ्यासक्रमात आली. तीन वर्षांत किमान २,१०० तास शाळेत आणि २,५०० तास प्रत्यक्ष कामावर. फी नसते, उलट पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन मिळतं. सार्वजनिक रुग्णालयांच्या वेतनकरारानुसार २०२४ साली पहिल्या वर्षी महिन्याला सुमारे १,३४०, दुसऱ्या वर्षी १,४०० आणि तिसऱ्या वर्षी १,५०० युरो असा दर होता. खासगी संस्थांत कमी-जास्त.

"महिन्याला सव्वा-दीड लाख" ही जाहिरात इथून येते. पण हा आकडा कपातीच्या आधीचा. आरोग्य विमा, निवृत्तिवेतन वगैरे जाऊन पहिल्या वर्षी हातात हजार-अकराशे युरो पडतात. त्यातून खोलीचं भाडं साडेतीनशे ते पाचशे, शहर मोठं असेल तर त्याहून जास्त. मग जेवण, प्रवास, थंडीचे कपडे. नीट राहिलं तर मुलगी स्वतःचं भागवते, थोडं शिल्लक टाकते. पहिल्या वर्षापासून ती घरी दर महिन्याला मोठी रक्कम पाठवेल आणि त्यातून कर्ज फिटेल, असं गणित घरच्यांनी मांडू नये. त्या अपेक्षेच्या ओझ्याखाली मुली आजारी पडतात आणि फोनवर "मी मजेत आहे" म्हणत राहतात.

जर्मनीची खरी फी म्हणजे भाषा. प्रशिक्षणाच्या व्हिसासाठी साधारण बी-१ पातळी लागते, बरीच रुग्णालयं त्याच्या वरची बी-२ मागतात. इथून नर्स होऊन गेलेल्यांना परवान्यासाठी बी-२ लागतेच. बी-२ पर्यंत पोचायला पंचेचाळीस मिनिटांचे सहाशे ते आठशे तास धरावेत, असं गोएथे संस्था सांगते. म्हणजे रोज असे दोन तास नेमाने बसलं तरी दहा ते तेरा महिने. "तीन महिन्यांत बी-१" म्हणणाऱ्या क्लासला पैसे देऊ नका. शिकणं ऑनलाइन होऊ शकतं, जवळा बाजारमध्ये बसूनही होऊ शकतं. परीक्षा मात्र मान्यताप्राप्त केंद्रावर द्यावी लागते. पुण्यात आणि मुंबईत गोएथे संस्थेचं माक्स म्युलर भवन आहे. एक दिलासा देतो: तीन लिंगं आणि वाक्याच्या शेवटी जाणारं क्रियापद हे आपल्याला परकं नाही, त्यामुळे मराठी मुलांना जर्मन व्याकरणाची भीती बाळगायचं कारण नाही. अडतं ते ऐकण्यात. ऐंशी वर्षांच्या आजी कवळी न लावता, आपल्या बोलीत काही पुटपुटतात, ते पुस्तकातल्या जर्मनसारखं नसतं. म्हणून पहिल्या दिवसापासून ऐका. जर्मन बातम्या, रुग्णालयातले संवाद, मिळेल ते.

प्रशिक्षणाची जागा शोधायला वर्षभर आधी लागावं. वर्ग मुख्यतः एप्रिल, ऑगस्ट, सप्टेंबर किंवा ऑक्टोबरमध्ये सुरू होतात. करारपत्र हातात आलं की त्यात चार गोष्टी शोधा: रुग्णालयाचं नाव आणि पत्ता, नर्सिंग शाळेचं नाव, महिन्याचं वेतन आणि मध्येच सोडल्यास काही भरपाई लिहिली आहे का. मग त्या रुग्णालयाच्या संकेतस्थळावरून पत्ता घेऊन स्वतः एक मेल टाका आणि हे पत्र तुमचंच आहे का, ते विचारा. खोटी करारपत्रं फिरतात. व्हिडिओ मुलाखत न घेता जागा देणारा मालक बहुधा अस्तित्वातच नसतो.

पहिले सहा महिने परिवीक्षेचे, म्हणजे प्रोबेशनचे असतात. या काळात मालक कारण न देता करार संपवू शकतो आणि विद्यार्थीही सोडू शकतो. प्रशिक्षण सुटलं तर दुसरी जागा शोधण्यासाठी सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळू शकते. त्यामुळे घाबरून लगेच तिकीट काढू नये, परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन बोलावं. शेवटी लेखी, तोंडी आणि प्रात्यक्षिक अशी सरकारी परीक्षा असते. नापास झालेला भाग एकदाच पुन्हा देता येतो. पास झालं की मुलगी जर्मनीची परवानाधारक नर्स होते. तिथंच शिकलेल्या कुशल कामगाराला साधारण दोन वर्षं नोकरी केल्यावर कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो.

इथून बीएस्सी किंवा जीएनएम करून जाणाऱ्यांना जर्मनीत पुन्हा तीन वर्षं शिकावं लागत नाही. त्यांची पदवी तपासली जाते आणि फरक भरून काढण्यासाठी एकतर जुळवणीचा कोर्स किंवा ज्ञानपरीक्षा असते. त्या काळात मदतनीस नर्स म्हणून पगार सुरू होतो. काही एजंट बीएस्सी झालेल्या मुलींनाही आउसबिल्डुंगला पाठवतात, कारण तिथं जागा पटकन मिळते. चार वर्षं शिकलेल्या मुलीची आणखी तीन वर्षं त्यात जातात. आधी मान्यतेचा रस्ता विचारा.

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात दहा हजारांचा आकडा जाहीर झाला आणि नर्सचाही समावेश होता. करार झाला म्हणजे तुमची जागा पक्की झाली, असं समजू नका. सरकारी योजनेत नाव घाला, पण भाषेचा अभ्यास आणि स्वतःचे अर्ज त्याच्या भरवशावर थांबवू नका.

बाकी देशांबद्दल थोडक्यात. ब्रिटनला इथली नर्स जाते तेव्हा आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन, श्रवण, संभाषणात ७ आणि लेखनात ६.५ लागतात, किंवा ओईटी ही दुसरी इंग्रजी परीक्षा चालते. मग संगणकावरची परीक्षा, ती भारतात देता येते, आणि ऑस्की तिथं जाऊन. २०२४ पासून तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची परदेशी भरती बरीच मंदावली आहे, आणि केअर वर्करच्या व्हिसावर परदेशातून नवी भरती २२ जुलै २०२५ पासून बंद झाली. त्या व्हिसाचे पैसे आजही कुणी मागत असेल तर तो फसवतोय. अमेरिकेची एनक्लेक्स परीक्षा मुंबईत देता येते. पण भारतात जन्मलेल्या नर्सच्या ग्रीन कार्डची रांग दहा वर्षांहून लांब आहे, ते परीक्षेची फी भरण्याआधी समजून घ्या. आखाती देशांत साधारण दोन वर्षांचा अनुभव, प्रोमेट्रिक परीक्षा आणि कागदांची डेटाफ्लो पडताळणी लागते. सौदी, कुवेत, कतारसह ठरावीक १८ देशांत भारतीय नर्सची भरती २०१५ पासून मुख्यतः सरकारने नेमलेल्या संस्थांमार्फतच होते. गल्लीतल्या माणसाने कुवेतची नर्सची नोकरी आणली, तर त्याला हा नियम विचारा.

पैशांचं आता मोकळेपणाने बोलू. शैक्षणिक कर्जात चार लाखांपर्यंत स्वतःचा वाटा घालावा लागत नाही, त्यापुढे परदेशी शिक्षणासाठी साधारण पंधरा टक्के स्वतःचे घालावे लागतात. साडेसात लाखांपर्यंत मालमत्ता तारण लागत नाही, त्यावर लागते. आणि इथंच आपली अडचण होते: बहुतेक बँका शेतजमीन तारण म्हणून घेत नाहीत. गावठाणातलं नमुना नंबर आठवरचं घरही अनेकांना चालत नाही. मग सावकार, भिशी, नाहीतर जमीन विकणं. माझं म्हणणं इतकंच आहे, जर्मनीच्या आउसबिल्डुंगसाठी किंवा इथून नर्स होऊन जाण्यासाठी जमीन विकायची वेळ येत असेल, तर हिशोबात कुठंतरी मधल्या माणसाचा हात आहे. भाषेचा क्लास, परीक्षा, पासपोर्ट, कागद, व्हिसा, विमान या सगळ्याची बेरीज जमिनीच्या किमतीला जात नाही.

शिष्यवृत्त्या आहेत, पण त्या पदवीसाठी क्वचित, मुख्यतः पदव्युत्तर शिक्षणासाठी. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे. आदिवासी, इतर मागास व भटक्या-विमुक्त आणि अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या वेगळ्या योजना आहेत, मराठा विद्यार्थ्यांसाठी 'सारथी' संस्थेमार्फत. ओबीसी महामंडळाची शैक्षणिक कर्जाचं व्याज परत देणारी योजनाही आहे. उत्पन्नाची, वयाची आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट दरवर्षीच्या जाहिरातीत पाहा, ती बदलत असते. या योजनांत इंजिनिअर आणि व्यवस्थापनाची मुलंच जास्त दिसतात, आणि नर्सिंगच्या मुलींना आपण पात्र असू हे माहीतच नसतं, याचं वाईट वाटतं. लंडनच्या किंग्ज कॉलेजात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची नर्सिंग विद्याशाखा आहे, तिचं मूळ १८६० सालच्या त्यांच्या शाळेत आहे, आणि ते विद्यापीठ जागतिक क्रमवारीत बरंच वर आहे. बीएस्सीला चांगले गुण आणि वॉर्डाचा अनुभव असलेल्या औंढा तालुक्यातल्या मुलीने तिथं एमएस्सीसाठी अर्ज का करू नये? फक्त लक्षात ठेवा, तिथली एमएस्सी झाली म्हणून तिथं नर्सची नोंदणी आपोआप होत नाही, ती वेगळी करावी लागते.

कागदांत सगळ्यात जास्त वेळ नावांत जातो. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव असतं. पासपोर्टवर आडनावाची आणि नावाची जागा वेगळी. आधारवर कधी 'राव', 'बाई' लागलेलं, कधी गळलेलं. लग्न झालं की नोंदणी माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या. परदेशी तपासनीसाला या तीन वेगळ्या बाया वाटतात. म्हणून पासपोर्ट काढण्याआधी दहावीची गुणपत्रिका, आधार आणि जन्मदाखला यांवरचं इंग्रजी स्पेलिंग एक करून घ्या. ग्रामपंचायतीतली जन्मनोंद आधी तपासा, तिथं नाव घातलेलंच नसेल तर ते घालून घ्या. नर्सिंग झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलची नोंदणी चालू ठेवा, कारण तिचं गुड स्टँडिंग प्रमाणपत्र बाहेर मागतात. हिपॅटायटिस-बीचे तीन डोस सहा महिन्यांत पूर्ण होतात, ते पहिल्या वर्षीच घ्या आणि कार्ड जपून ठेवा. मूळ कागद क्लासच्या, एजंटच्या, कुणाच्याही कपाटात ठेवायला देऊ नका.

आता ज्याबद्दल कुणीच बोलत नाही ते, म्हणजे प्रत्यक्ष काम. आपल्या सिव्हिलमध्ये सिस्टर पहिल्यांदा विचारते, "पेशंटजवळ कोण आहे?" पेशंटला पुसणं, खाऊ घालणं, संडासला नेणं, कपडे बदलणं हे नातेवाईक करतात. सिस्टर सलाईन लावते, इंजेक्शन देते, औषधं वाटते, रजिस्टर भरते. एका सिस्टरकडे इतके पेशंट असतात की दुसरं शक्यही नसतं. जर्मनीत पेशंटजवळ कुणी नसतं. सकाळची पाळी सहाच्या सुमाराला सुरू होते. दार वाजवायचं, आडनावाने शुभ सकाळ म्हणायचं, पाणी कोमट आहे का ते हाताने पाहायचं. आधी चेहरा, साबणाशिवाय. जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा, बाकी अंग टॉवेलखाली. कवळी धुऊन बसवायची. कुशीवर वळवून टाचा आणि माकडहाडाची जागा पाहायची, लाली दिसली तर बेडसोरची सुरुवात, ती लिहायची. पायात घट्ट मोजे चढवायचे, पलंगाच्या कडेला बसवून चक्कर येते का ते विचारायचं, मग खुर्चीत. मग पुढचा पेशंट. पेशंट पुरुष असला तरी हेच.

हे काम हलकं नाही, तोच नर्सिंगचा पाया आहे. पण घरून कुणी सांगितलेलं नसलं, तर चार वर्षं आयसीयूची स्वप्नं पाहिलेल्या मुलीला पहिल्या आठवड्यात "मला आया केलं" असं वाटतं आणि ती खचते. शिवाय इथं सराईतपणे शीर शोधणाऱ्या हाताला तिथं अनेक ठिकाणी शिरेतलं इंजेक्शन देऊ देत नाहीत, ते डॉक्टर करतात. हे दोन्ही आधी माहीत असू द्या. जाण्याआधी गावातल्या एखाद्या अंथरुणाला खिळलेल्या आजीची महिनाभर अशी सेवा करून पाहा. ते जमलं, आवडलं तर तुम्ही जायला तयार आहात. जीव नकोसा झाला तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

एजंटाशिवाय जाता येतं का? येतं, पण एकट्याने कागद सांभाळणं सगळ्यांना जमत नाही. मदत घ्या, निवडून घ्या. परदेशी नोकरीला पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीत नोंदलेला असावा लागतो आणि त्याला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. शिक्षणाचे सल्लागार या नियमात येत नाहीत, म्हणून पैसे उकळणारे बरेचसे 'एज्युकेशन कन्सल्टन्सी'ची पाटी लावतात. जर्मन सरकारने नर्सभरतीच्या संस्थांसाठी 'फेअर' भरतीचा एक अधिकृत शिक्का ठेवला आहे, तो असलेल्या संस्थेने भरतीचा खर्च उमेदवारावर टाकायचा नसतो. केरळमध्ये नोर्का रूट्स ही सरकारी संस्था 'ट्रिपल विन' कार्यक्रमातून जर्मनीला नर्स पाठवते, तिथंही खर्च मालकाचा.

केरळच्या मुली पुढे का, याचं कारण नुसतं इंग्रजी नाही. १९६० च्या दशकात चर्चच्या मार्फत तिथल्या मुली पश्चिम जर्मनीत नर्सिंग शिकायला गेल्या. तेव्हापासून घरात कुणीतरी मावशी, कुणीतरी आत्या असते जी सांगते, हा कागद आधी काढ, त्या माणसाला पैसे देऊ नकोस. आपल्याकडे ती आत्या अजून नाही, म्हणून तिची जागा एजंटाने घेतली आहे. हिंगोली, परभणी, नांदेडच्या गावांतून जे आज बर्लिनला, दुबईला, लीड्सला ड्युटी करत आहेत, त्या सिस्टर आणि ब्रदर लोकांना माझी विनंती आहे. वर्षातून एक रविवार आपल्या गावच्या शाळेतल्या बारावीच्या मुलांशी व्हिडिओवर बोला. पगाराची चिठ्ठी दाखवा, भाडं किती जातं ते सांगा, कोणत्या कागदाला किती महिने लागले ते सांगा, रडू कधी आलं तेही सांगा. आणि नववी-दहावीच्या मुलींनो, तुम्ही वाट पाहू नका. या महिन्यात शाळेच्या नोंदीतलं आणि आधारवरचं नाव जुळवून घ्या.